जळजळ थांबली, मग ताप कशाचा?

आधी एक दुरुस्ती. परवा मी इथे लिहिलं होतं की आईच्या धण्याच्या पाण्याने माझी उन्हाळी बरी झाली. ते चुकीचं होतं. लघवीची जळजळ थांबली, पण आज थंडी वाजून ताप आला आणि पाठ एका बाजूने दुखायला लागली.

विकास नगरच्या डॉक्टरांनी पाठीवर टकटक केलं. मी कळवळले.

"बेटा, इन्फेक्शन किडनी तक गया लगता है. सैंपल दो, दवा आज ही शुरू."

आई तिथेच म्हणाली, "अगं, जळजळ नाही, मग औषध कशाला? उष्णताच ती!"

मला बाराखडीसुद्धा आईनेच घरी शिकवली. तिला चूक कसं म्हणू?

लघवीचं सॅम्पल दिलं, पहिली गोळी घेतली. तरी कळत नाही, त्रास कमी झाल्यावर आजार वाढतो कसा? तुमच्यापैकी कुणाला असं झालंय? गोळ्या मी चुकवणार नाही. पण जळजळ थांबूनही आजार कसा वाढला, हा प्रश्न आईनेच डॉक्टरांना विचारावा, म्हणून रिपोर्ट घ्यायला तिला सोबत नेणार आहे, येत्या शुक्रवारी.