धुरावरचे बी

नाशिकच्या एका दैनिकात मी बावीस वर्षे बातम्यांच्या टेबलावर काम केले. 'आदिवासी पाडे विकासापासून वंचित' हा मथळा त्या काळात मी किती वेळा दिला, याची मोजदाद नाही. तो तीन कॉलमांत नीट बसतो आणि तो देण्यासाठी पाड्यावर जावे लागत नाही. तालुक्याचा वार्ताहर फोनवर माहिती सांगायचा, मी ती सरळ करून पानात लावायचो. विकास म्हणजे काय, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. जे पाड्यावर नाही, ते म्हणजे विकास.

नोकरी सोडल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी मला त्यांच्या संस्थेत ओढले. संस्थेचे कार्यालय एका अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर होते. भिंतींवर वारली चित्रे होती. ती प्रिंटरवर छापलेली होती. स्वयंसेवक आम्ही सहा जण. एक निवृत्त इंजिनिअर, दोन बँकवाले, एक प्राध्यापक, एक विमा एजंट आणि मी. सगळे पुरुष. आमच्यापैकी कोणीही आयुष्यात चूल पेटवलेली नव्हती. आमचा प्रकल्प चुलींचा होता.

प्रकल्प साधा होता. पेठच्या बाजूचा एक डोंगरपाडा धूरमुक्त करायचा. सातपूरच्या एका कारखान्याने पत्र्याच्या सुधारित चुली देऊ केल्या होत्या. प्रत्येक चुलीला मागे नळी. ती वर चढून छपरातून बाहेर पडायची आणि सगळा धूर आकाशात सोडायची. चुलीबरोबर झाकणाचा एक प्लॅस्टिकचा डबा भेट होता. त्यावर कारखान्याचे बोधचिन्ह होते. बोधचिन्ह चुलीवर रंगवले तर जळेल, असे कोणाच्या तरी वेळेवर लक्षात आले होते.

पाड्यात एकोणीस घरे. आम्ही पहिल्यांदा गेलो ते रस्त्याकडच्या टोकाच्या घरी, कारण गाडी तिथपर्यंतच जात होती. घर कुडाचे, वर कौले. आत एक सासू आणि एक सून. सासूचा नवरा आणि मुलगा दोघे द्राक्षबागांच्या छाटणीला दिंडोरीकडे गेलेले. सुनेचे डोळे लाल होते आणि ती प्रत्येक वाक्यामागे खोकत होती. इंजिनिअर सरांनी तिला चुलीचे चित्र दाखवले तेव्हा तिने नळी कुठे जाते एवढेच विचारले. बाहेर जाते, असे कळल्यावर तिने लगेच अंगठा पुढे केला. तिला सही येत होती, ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. सरांनी शाईचा पॅड आधीच उघडून ठेवला होता.

सासूने अंगठा दिला नाही. ती चुलीच्या वर बोट दाखवत होती. तिथे बांबूचा छोटा माळा होता, काळा कुळकुळीत. त्यावर शेण-मातीने लिंपलेल्या दोन टोपल्या. त्यांत उडदाचे बियाणे होते. तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेले, असे तिने सांगितले. हा उडीद डोंगराच्या उतारावर, मुरमाड जमिनीतही येतो आणि इतरांपेक्षा पंधरा दिवस आधी निघतो. पाड्यातल्या बाकी घरांत पेरणीपर्यंत बी उरत नाही, खाण्यात संपते, म्हणून पेरणीच्या आधी सगळ्या बायका तिच्याकडे यायच्या. उरलेल्या दिवसांत तिची कोणी विशेष चौकशी करत नसे. तिचा मान होता तो या दोन टोपल्यांमुळे, आणि हे तिला पक्के ठाऊक होते.

अडचण अशी होती की नळी जिथून वर जायला हवी, तिथेच माळा होता. सरांनी टेप लावून पाहिला आणि माळा काढावा लागेल असे जाहीर केले. बी या डब्यात ठेवा, डबा हवाबंद आहे, असे समजावले. सासूने डबा उलटसुलट करून पाहिला, झाकण उघडून आत नाक घातले आणि तो खाली ठेवला.

"धूर नाय तर बी नाय, सायेब," ती म्हणाली.

सरांनी तिला धुराचे दुष्परिणाम सांगितले. त्यात फुप्फुसे होती, डोळे होते, जागतिक तापमान होते. ती ऐकत राहिली आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाली. का, असे तिला आमच्यापैकी कोणी विचारले नाही. मीही नाही; बावीस वर्षे वार्ताहरांना 'का' विचारायला शिकवत होतो, तरी नाही. मी वहीत लिहिले: 'ज्येष्ठांमध्ये धुराविषयी अंधश्रद्धा आढळते.' हे वाक्य पुढे संस्थेच्या वार्षिक अहवालात जसेच्या तसे छापून आले. माझ्या एकाही वाक्याला इतकी चांगली जागा पूर्वी मिळाली नव्हती.

माळा सुनेने काढला आणि बी डब्यात भरले. सासू त्या वेळी अंगणात बसून होती.

उद्‌घाटनाला सातपूरहून चार अधिकारी आले. फीत दाराला बांधायची की चुलीला, यावर थोडी चर्चा झाली आणि ती नळीला बांधण्यात आली. फोटोत चूल नवी दिसावी म्हणून ती पेटवली नव्हती. त्यामुळे पाहुण्यांसाठी नागलीच्या भाकरी शेजारच्या घरी, तीन दगडांच्या जुन्या चुलीवर, धुरात झाल्या. साहेबांनी भाकरीची चव वेगळीच असल्याचे सांगितले. पाणी ते स्वतःच्या बाटलीतले प्यायले. भाषणात 'पाड्याने आज कात टाकली' असे वाक्य होते. ते भाषण मीच लिहून दिले होते.

पुढची पाहणी चैत्रात झाली. मी एकटाच गेलो. सुनेचे डोळे निवळले होते आणि खोकला जवळजवळ गेला होता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढचे सांगताना हे विसरणे सोपे जाईल. ती म्हणाली, आता भाकरी करताना पदर नाकाला लावावा लागत नाही. चूल चांगली होती. त्याबाबत आम्ही बरोबर होतो.

मग सासूने डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि झाकण काढले.

आत काळे उडीद होते, पण जवळजवळ प्रत्येक दाण्याला टाचणीएवढे भोक. तळाशी पिठासारखा भुगा. झाकणाच्या आतल्या कडेने तपकिरी भुंगे फिरत होते. ऊन पडले तसे काही उडाले.

"बघा, कसे धष्टपुष्ट झालेत," ती म्हणाली. "माज्या टोपलीत एक राहत नव्हता. धुरानं पळायचा. तुमच्या डब्यात त्यांचाबी इकास झाला."

सून खाली मान घालून हसली. मी हसण्याचा प्रयत्न केला. सासू हसत नव्हती. पेरणीला दोन-अडीच महिने उरले होते. हे बी गेले, तर तिच्या उतारावर काय पेरायचे हा एक प्रश्न होता. अठरा घरच्या बायका दारात आल्यावर काय सांगायचे, हा दुसरा आणि मोठा. बाजारातल्या बियाण्याचे नाव काढताच तिने हात झटकला. एकदा तालुक्याहून आणून पेरले होते. झाड हातभर वाढले, पाला भरपूर आला, शेंगा धरल्या नाहीत. ते बी सपाट, काळ्या जमिनीचे. तिच्या मुरमावर त्याला काय करायचे ते कळले नाही.

मी नाशिकला परतून बैठकीत हे सांगितले. बैठकीत उत्साह पसरला. विमा एजंट म्हणाले की ही समस्या नसून संधी आहे. प्राध्यापकांनी बियाणे सक्षमीकरण असा शब्द वापरला. दहा मिनिटांत नवा प्रकल्प तयार झाला: सुधारित बियाण्याच्या पिशव्या, कीड मारायच्या गोळ्या, एक प्रशिक्षण, एक फलक. माळा पुन्हा बांधून द्यावा, असे मी सुचवले. बँकवाल्यांपैकी एकाने विचारले की त्याचे उद्‌घाटन कसे करणार.

वैशाखात मी पिशव्या घेऊन गेलो. घरात पाऊल टाकले आणि वर पाहिले. माळा होता. नवे बांबू, त्यावर दोन्ही टोपल्या. आमची नळी चुलीतून वर जात होती आणि माळ्याच्या खाली वीतभर अंतरावर संपत होती. वरचा तुकडा काढून सुनेने त्यात तुळस लावली होती. धूर नळीतून थेट माळ्यावर जायचा, टोपल्यांभोवती फिरायचा आणि कौलांच्या फटीतून बाहेर पडायचा. खाली बसलेल्या सुनेच्या डोळ्यांपर्यंत तो येत नव्हता. हे दोघींनी मिळून केले होते. एकीला धूर हवा होता, दुसरीला नको होता. आमच्याकडे एक इंजिनिअर आणि एक प्राध्यापक होते; आम्हाला हे सुचले नव्हते, कारण धूर कोणाला हवा असेल हेच आम्हाला सुचले नव्हते.

पण टोपल्यांत ठेवायला बी फार नव्हते. दोघी सुपात दाणे पसरून निवडत होत्या: भोकाचा एकीकडे, अखंड दुसरीकडे. बरेच दिवस हे काम चालले होते. मी बसलो आणि निवडू लागलो. छापील पानातला चुकलेला अनुस्वार मला दुरून दिसायचा. तासाभराने सासूने माझा ढीग पुढे ओढला, बोटाने पसरला आणि त्यातला निम्मा भोकाच्या बाजूला सारला. नंतर तिने मला पाणी भरायच्या कामाला लावले. तिथे चुकण्यासारखे फार नव्हते.

अखंड दाण्यांतले दहा तिने ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. उगवण बघायची होती. मी निघेपर्यंत काही झाले नव्हते. तिसऱ्या दिवशी, आम्ही बियाणे सक्षमीकरणाच्या फलकाचा रंग ठरवत असताना, सुनेचा फोन आला. टेकडीवर रेंजसाठी चढली असावी. तिला दम लागला होता.

"सात आले," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

मी बैठकीला सांगितले. सात काय, असे कोणी विचारले नाही. हिरवा रंग ठरला.

ज्येष्ठात सातपूरहून निरोप आला की चुलींची तपासणी करून कोणत्या चालू आहेत ते कळवावे. इंजिनिअर सर, एक कारागीर आणि मी गेलो. सरांनी नळी पाहिली आणि त्यांना मनापासून दुःख झाले. त्यांनी कारागिराला वरचा तुकडा आणायला सांगितले. कारागीर तुळस बघून थबकला.

सून भाकरी थापत होती. तिने उठून माळ्याखाली उभे राहत सांगितले की नळीला हात लावायचा नाही, वर बी आहे. सरांनी शांतपणे समजावले. नळी बाहेर गेली नाही तर घर धूरमुक्त होत नाही. घर धूरमुक्त नसेल तर चूल चालू धरता येत नाही.

"चालू नाय धरली तर काय होतं?"

सर म्हणाले, मग तिची नोंद बंद अशी करावी लागेल. मग या घराची तपासणी होणार नाही, दुरुस्ती होणार नाही.

"म्हंजे कोणी येत नाय?"

"कोणी येत नाही."

"मंग बंद लिवा."

तव्यावर भाकरी फुगली होती. तिने ती उलटली. सरांनी माझ्याकडे पाहिले, कारण कागद माझ्याकडे होता. नकळत चुकीची माहिती मी आयुष्यात पुष्कळ छापली होती; जाणूनबुजून कधी नाही. मी लिहिले: चूल बंद. कारण: वापर नाही. खाली सही केली. नंतर त्याच बंद चुलीवरच्या भाकऱ्या आम्हाला वाढण्यात आल्या. सरांनी दोन खाल्ल्या. तुळशीकडे त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

बाकीच्या अठरा घरांतल्या नळ्या छपरातून बाहेर गेलेल्या होत्या, त्यामुळे त्या सगळ्या चालू लिहिल्या गेल्या. त्यांतल्या चार चुलींवर कोंबड्या बसल्या होत्या.

पेरणीच्या तोंडावर मी पुन्हा पाड्यात गेलो. संस्थेने पाठवले नव्हते. अंगणात बायका बसल्या होत्या आणि सासू दारात, टोपली मांडीवर घेऊन. दर वर्षी ती सूप भरून बी द्यायची. या वर्षी प्रत्येकीला एक ओंजळ, तीही सासूच्या हातांची, आणि तिचे हात लहान होते. एका बाईने पदरातले बी बघून विचारले की एवढ्यात काय होणार.

"यंदा खायाचं नाय," सासू म्हणाली. "सगळं बियाला ठेवायचं. पुढल्या सालाला तुजं तुला."

"आन्‌ ठेवू कुठं? माझा माळाबी यांनीच काढला."

"नळी काप. माळा बांध."

"ते येऊन परत जोडतील ना, मावशे."

सासूने टोपली खाली ठेवली आणि बोटाने मला दाखवले.

"तो बसलाय बघ. आदी त्याच्याकडून बंद लिवून घे."

बाईने पदराची गाठ मारली आणि माझ्यापुढे येऊन बसली. तिच्यामागे दुसरी आली. मी पिशवीतून तपासणीचे कागद काढले.