पहिल्या नंबरचं पान

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी, पत्नी सुनंदा आणि पुतणी केतकी हजर असताना, मी जाहीर केलं की आपली वेबसाइट मी स्वतः सुधारणार आणि त्याचा खर्च शून्य रुपये येईल.

आम्ही फक्त शनिवार-रविवारी जातो त्या पन्हाळ्यावरच्या आमच्या घरात सुनंदानं दोन खोल्या पर्यटकांसाठी सजवल्या होत्या. गिझर नवा, चादरी नव्या, वेबसाइट नवी. पाहुणे तेवढे नव्हते! "मेपर्यंत कुणी मुक्कामाला आलं नाही तर खोल्या माझ्या दादाला पेंडीची पोती ठेवायला देणार," ती म्हणाली. चादरी तिनं स्वतः निवडल्या होत्या, त्यामुळे हे बोलताना तिचा आवाज पडला होता.

केतकी कोल्हापुरात वेबसाइटचंच काम करते. "काका, तुमचं पान कुणी उघडतच नाही. उघडलं तर लगेच पळतात. लोकांना काय हवंय ते बघा आणि त्याचं उत्तर पानावर द्या."

एवढंच ना! मी दिवसभर गडावर उभा राहून पर्यटक काय विचारतात ते ऐकलं. इतिहास कुणीच विचारत नव्हतं. सगळ्यांचा प्रश्न एकच.

त्या रात्री पानावर ठळक मथळा झळकला : 'पन्हाळ्यावर स्वच्छ शौचालय कुठे आहे?' खाली उत्तर : 'आमच्याकडे. दोन. चोवीस तास पाणी.' सोबत नकाशा. (पुरावा असावा म्हणून नळ चालू करून फोटोही टाकले.)

थोड्याच दिवसांत केतकीचा फोन. "काका, कमाल! इंटरनेटवर शोधलं की आपलं पान पहिल्या नंबरला! लोक वाचतायत, नकाशा उघडतायत!"

मी पेढे वाटले. शनिवारी आम्ही पन्हाळ्यावर पोचतोय तोच दाराची बेल वाजली.

"पावणं, इंटरनेटवरचं ते... हितंच हाय न्हवं?"

"हो. खोली हवी का?"

"खोली नगं वो! घाई हाय!"

दुपारपर्यंत अंगणात रांग लागली. त्यात सुनंदा प्रत्येकाला चहा देत होती. "अगं, ही काय पाहुणेमंडळी आहेत का?"

"दारात आलेल्याला तसंच पाठवायचं व्हय?"

आता चहा पोटात गेला की माणूस निघताना पुन्हा एकदा जाऊन येतो! रविवारी तर गारगोटीचं अख्खं वऱ्हाड उतरलं. "आधी नवरदेवाला सोडा की, मुहूर्त हाय!"

संध्याकाळी इंटरनेटवर पहिला अभिप्राय आला : 'संडास एक नंबर. चहा कडक. खोल्या बघितल्या न्हाईत.'

आणि पुढच्या आठवड्यात चमत्कार झाला. त्याच वऱ्हाडातल्या एका काकांनी फोन करून दोन्ही खोल्या मागितल्या. "वैनींनी चहा पाजला, तवाच ठरवलं. ऱ्हायचं तर हितंच."

ठरल्या दिवशी सुनंदानं चादरी तीनदा झटकल्या. पाहुणे चारला येणार होते. बाराला संडासातलं पाणी उतरायचं थांबलं आणि वर यायला लागलं!

मी धावत जाऊन टाकी उपसणारी गाडी आणली. गाडीवाल्यानं झाकण उघडलं आणि माझ्याकडे आदरानं पाहिलं. "घरात माणसं किती हायत वो?"

"दोन."

"...बरं."

साडेतीनला त्यानं पाइप गुंडाळला, चारला पाहुणे आले. त्यांनी खोल्यांचं भाडं सुनंदाच्या हातात ठेवलं, ते तिच्याकडेच राहिलं. गाडीवाल्याला अडीच हजार मी दिले. पावतीशिवाय मी कुणाला पैसे देत नाही.

"कशाचं म्हणून लिवू?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा आतून ओरडली, "लिहा की, वेबसाइट सुधारणा!"