सम अधिक विषम

माझे सासरे रिक्षात बसल्या बसल्या समोरच्या ट्रकच्या नंबराचा वर्ग काढायचे आणि मग सदऱ्याच्या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर ताडून बघायचे. मी लग्न होऊन मानकोलीला आले, तेव्हा त्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली होती. लोक त्यांना काशिनाथशेठ म्हणू लागले होते; मी मामा म्हणायचे. "शेत गेलं तवा शेठ झालो," ते म्हणायचे. रिकामे हात त्यांनी आकड्यांत गुंतवले होते.

त्या सुमारास पेपरच्या पुरवणीत त्यांनी एक जुनं कोडं वाचलं. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस. म्हणजे दोन वर्गांची बेरीज तिसरा वर्ग होऊ शकते. पण घन किंवा त्यावरचा कुठलाही घात घ्या, पूर्ण संख्यांत असं कधीच जमत नाही. एका फ्रेंच वकिलाने हे लिहून ठेवलं, आणि ते सिद्ध करायला जगाला साडेतीनशे वर्षं लागली.

"कदीच न्हाय?" मामांना पटेना. "आकडे तर संपत न्हाईत. मंग सगळे तपासले कुनी?" सरकारी मोजणीनंतरही स्वतः दोरी घेऊन बांध मोजणारा माणूस तो. "मोजल्याबिगर बोलू नये," असं त्यांचं नेहमीचं.

एका दुपारी ते निजामपुऱ्यातून परतले ते चपलांसकट आत आले. तिथल्या लूममालक मित्राच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटरवरून तीन आकडे काढून दिले होते. मामांनी कॅल्क्युलेटरवर १७८२ चा बारावा घात काढला, त्यात १८४१ चा मिळवला. मग १९२२ चा काढला. दोन्ही वेळा पडद्यावर दहाच्या दहा आकडे तेच!

"बगा! वकील हरला!"

शेत गेल्यापासून त्यांना असं हसताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी देवळापाशी सगळ्यांना सांगणार होते. सासूबाईंनी पेढ्यांना माणूसही धाडला. मी गणितात बी.एस्सी. झालेली; पण नवी सून. तरी गावाने हसण्यापेक्षा मी बोललेलं बरं.

"मामा, सम संख्येचा कुठलाही घात समच ना? आणि विषमचा विषम?"

"व्हय."

"मग १७८२ आणि १८४१ च्या घातांची बेरीज?"

"विषम."

"आणि १९२२ चा घात?"

त्यांनी हातातल्या कॅल्क्युलेटरकडे पाहिलं. "सम. पन मशीन..."

"मशीन दहाच आकडे दाखवतं. खरी संख्या चाळीस आकडी आहे."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर सावरला. मामा बोटांवर शेवटचा आकडा काढत बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एकीकडं सात येतो, दुसरीकडं सहा." मग मान वर केली. "मशिनीनं माजं मन राखलं. तू न्हाय राखलंस. एवडं शिकलीस, मंग घरात काय करतेस?"

सासूबाईंचा विरोध मोडून त्यांनी मला बी.एड. करायला लावलं. कामतघरच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी रिक्षाने सोडायला तेच आले. रोज संध्याकाळी विचारायचे, "आज कुनाची चूक दाकवलीस?" आणि उत्तर नीट ऐकून घ्यायचे.

पुढे त्यांना दम्याने घेरलं. ते गेले त्या सकाळी मी दहावीच्या वर्गावर होते. निरोप आला तो तास सुटल्यावर. घरी पोचले, तोवर सगळं संपलं होतं. मी दिरांवर ओरडले, "आधी का नाही कळवलंत?"

"निघालोच होतो, वैनी," ते रडत म्हणाले. "बाबांनीच हात धरला. बोलले, तिचा तास चालू हाय. सुटू दे."