हुप्प्या तेवढा न्या

हुप्प्या पिंजऱ्यात होता आणि नाना पिंजऱ्याला हळदकुंकू लावत होते. मी पोचले तोवर नारळही फुटला होता. ईट नावाच्या गावापासून जवळचंच एक गाव, त्याचं नाव सांगत नाही. नाना तिथले सरपंच.

"नाना, गाडी हलवू नका," मी धापा टाकत म्हणाले.

"या मॅडम. प्रसाद घ्या," नाना म्हणाले.

आधी माझ्या कामाविषयी सांगते. मी मानवशास्त्राची. गेली काही वर्षं या गावातल्या वानरांच्या टोळीचा अभ्यास करते आहे. मानवशास्त्र आणि माकडं? हा प्रश्न मला बँकेच्या मॅनेजरपासून नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. स्थळ बघताना मुलाची खरी माहिती त्याच्या चुलत्यांकडून काढतात ना, तसंच आहे हे. माणूस कळायचा तर त्याच्या नातलगांकडं बघावं लागतं. वानर लांबचे, पण नातलगच. काम म्हणजे दुर्बीण घेऊन बसायचं आणि कोण कुणाच्या उवा काढतं, कोण कुणाला हाकलतं ते टिपायचं.

हुप्प्या म्हणजे टोळीतला मोठा नर. काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळीत बहुतेकदा एकच असा नर असतो, बाकी माद्या आणि त्याची पिल्लं. वयात आलेले इतर नर हाकलले जातात. ते सडेफटिंग मग टोळकं करून शिवाराच्या कडेनं हिंडतात आणि जागा रिकामी व्हायची वाट बघतात.

आमच्या हुप्प्याचा गुन्हा काय? त्यानं नानांच्या पुतण्याला चावा घेतला. पुतण्या रील करायला मारुतीच्या देवळावर चढला होता आणि त्यानं एक पिल्लू उचललं होतं. तुमचं लेकरू कुणी असं उचललं तर तुम्ही काय कराल? पण गावानं ठरवलं की चावला तो गुन्हेगार. पुतण्या दंडाला पट्टी बांधून लढाई जिंकल्यासारखा मिरवत होता. अर्ज गेला आणि वनखात्याचे एक साहेब पिंजरा घेऊन आले.

या साहेबांना मी आधीच भेटले होते. पकडूच नका, आणि पकडायचंच असेल तर अख्खी टोळी एकत्र न्या, असं सांगितलं होतं. साहेबांना पटलं. गावाला पटलं नाही.

"माकडिणीला आन् लेकराला हात लावायचा न्हाय," नाना ग्रामसभेत म्हणाले होते. "मारुतीचं गोत हाय ते. गावाला पाप लागंल. हुप्प्या तेवढा न्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. भाविकपणात हे गाव कुणाला हार जाणार नाही.

पिंजऱ्यापाशी मी पुन्हा सांगितलं, "नाना, हा गेला की बाहेरचा नर टोळीत घुसेल. तो याची पिल्लं मारेल."

"का बरं मारंल? माकड हाय, कसाई न्हाय."

"अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही. पिल्लू गेलं की येते. त्याला स्वतःची पिल्लं हवी असतात. वानरांत हे होतं."

नाना हसले. "मॅडम, आसलं तुमच्या परदेशी माकडांत व्हत आसंल. आमची वानरं तसली न्हायत."

मी साहेबांकडं वळले. "साहेब, तुम्हाला तरी हे माहीत आहे."

"गावाचा ठराव आहे मॅडम. माझ्या हातात काय?" साहेब म्हणाले आणि गाडीत बसले. 'पवनसुत हनुमान की जय' अशा गजरात गाडी येडशीच्या जंगलाकडं निघाली.

नवा नर यायला फार दिवस लागले नाहीत. टोळीत एक मादी होती, तिला मी थोटी म्हणायचे. विजेच्या तारेला चिकटून तिचा एक हात गेलेला. तिचं पिल्लू जन्मून थोडेच दिवस झाले होते, तान्ह्या पिल्लाचा काळा रंग अजून गेला नव्हता. नवा हुप्प्या आला तेव्हा माद्या एकत्र होऊन त्याच्या अंगावर गेल्या. थोटी पिंपळाच्या शेंड्याला पळाली. पण एका हातानं पिल्लू धरायचं की फांदी? मध्ये पडायचं नाही हा आमच्या कामाचा नियम. मी तो मोडला. दगड मारले, घसा फुटेस्तोवर ओरडले. त्यानं माझ्या डोळ्यांदेखत पिल्लू हिसकलं आणि चावून टाकून दिलं. पुढच्या काही दिवसांत आणखी पिल्लं गेली.

थोटीनं मेलेलं पिल्लू उचललं ते सोडेना. वानरांतल्या आया असं करतात. पिल्लू वाळून जाईपर्यंत घेऊन हिंडतात. ही बातमी गावभर झाली आणि मग गाव जागं झालं. कशासाठी? अंत्ययात्रेसाठी.

आपल्याकडं कितीतरी गावांत वानर मेलं की माणसासारखं मर्तिक करतात. तिरडी, भजन, दहावा, तेरावा. मला ती प्रथा आवडते, मी तिच्यावर लिहिलंय. पण इथं मयत आईच्या हातात होतं. तर या भाविकांनी काय केलं? पिंपळाखाली फटाक्यांची माळ लावली. थोटी दचकली, पिल्लू सुटलं आणि ते झेललं पुतण्यानं. मग फुलांनी सजवलेला ट्रॅक्टर आला. त्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं फ्लेक्स, त्यात नानांचा हात जोडलेला फोटो आणि पुतण्याचा गॉगल घातलेला. थोटी पत्र्यांवरून उड्या मारत ट्रॅक्टरच्या मागं मसणवट्यापर्यंत आली. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. एवढा संताप मला आयुष्यात फार कमी वेळा आलाय.

तेराव्याला नानांचा फोन आला. "मॅडम, दोन शब्द बोला. वानरांच्या तज्ज्ञ तुमी."

गेले. मांडव घातलेला, बुंदीचा वास सुटलेला. कर्त्या पुरुषांनी दहाव्याला डोकी भादरली होती. नानांची झुपकेदार मिशीही गेली होती, त्यांना ओळखायला मला क्षणभर लागला. मी माईक घेतला आणि सरळच बोलले. "ही पिल्लं नव्या हुप्प्यानं मारली, पण त्याला दार तुम्ही उघडून दिलंत. आया-लेकरांना हात न लावण्याचं पुण्य केलंत, त्या पुण्यानंच लेकरं गेली."

नानांनी माईक घेतला. "मॅडमनी लई मोलाची माहिती दिली. आता पंगत बसंल."

मी निघाले होते, नानांनी आग्रहानं बसवलं. शेजारी बसून हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यो नवा हुप्प्या लई वंगाळ निघाला. लेकरं मारतो. ह्याला उचलायचा अर्ज तयार हाय. तुमची बी सही द्या, वजन पडतंय."

डोकं फोडून घ्यावंसं वाटलं, माझं की नानांचं ते ठरत नव्हतं.

"नाना, अजून दोन-तीन पिल्लं उरलीत," मी म्हणाले. "हा आता थंडावलाय. याला नेलंत की तिसरा येईल. तो ती मारेल. मग पुन्हा तिरडी, पुन्हा दहावा."

"पुन्हा?"

"दर खेपेला."

नानांचा हात वरच्या ओठावर गेला, जिथं मिशी होती तिथं. बराच वेळ ते तिथंच बोटं फिरवत राहिले.

"तुळशीच्या लग्नानंतर आमच्या ताईचं लगीन हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मांडवात नवरीच्या बापानं आसं उभं ऱ्हायाचं? पावणे काय म्हनतील?"

अर्ज गेला नाही. उरलेली पिल्लं जगली. थोटीलाही नंतर पिल्लू झालं, या नव्या हुप्प्याचंच, आणि तो देवळावर बसून त्याची राखण करतो. एका बाजूला माझी इतक्या वर्षांची दुर्बीण, एका बाजूला नानांची मिशी. आता कुठल्याही गावात वानर पकडायचा विषय निघाला की शास्त्र मी नंतर सांगते. आधी विचारते, यंदा सरपंचांच्या घरी लग्न आहे का?