न पोहोचलेला हुकूम

उत्कर्षा गजभिये लखनौमध्ये गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. अंतराळातल्या लढायांचा खेळ चालला होता आणि ताफ्यांना हुकूम कसे द्यायचे ते तिने ठरवायचं होतं: जा, थांब, पहारा दे, परत ये. आई गेल्यापासून तेलीबागच्या घरात ती आणि बाबाच. आत्माराम गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. हवाई दलात वायरलेस ऑपरेटर होते, निवृत्तीनंतर इथेच राहिले. बाबा मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई.

खेळात हुकूम लगेच पोहोचत नसे. ताफा जितका दूर, तितका उशीर. नवख्या माणसाला हे कळतंय का, ते बघायला तिने एका रविवारी बाबांपुढे लॅपटॉप ठेवला. बाहेर उन्हाळ्याची गरम लू सुटली होती, कूलर घरघरत होता.

बाबांना खेळ पटकन जमला. मग त्यांचा एक टेहळणी ताफा नष्ट झाला. नाव मात्र यादीत तसंच राहिलं. त्यांनी 'परत ये' दाबलं. पडद्यावर आलं, 'हुकूम पाठवला.' थोडं थांबून त्यांनी पुन्हा दाबलं.

"बाबा, वो तो खतम हो गया. बग है, नाम हटना चाहिए था."

"हो का," ते म्हणाले, आणि पुन्हा दाबलं.

संध्याकाळी ती अमीनाबादच्या बाजारातून परतली, तेव्हाही ते तिथेच होते. चहावर साय धरली होती. ते 'जयसिंग, परत ये' असं पुटपुटत होते, कान देऊन थांबत होते, पुन्हा पुटपुटत होते.

"कौन जयसिंग, बाबा?"

त्यांनी मान वळवली नाही. "पायलट होता. ईशान्येकडे पोस्टिंग असताना. विमानातून सामान टाकायला गेला आणि हवा बिघडली. त्याला परत बोलव, असं साहेबांनी मला सांगितलं. वायरलेस सेटवर माणसाचं नाव घ्यायचं नसतं. शेवटी मी नावानेच हाका मारल्या."

"फिर?"

"विमान सापडलंच नाही. त्याने ऐकलं होतं का, तेवढं मला अजून कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचा वरिष्ठ सत्यजित म्हणाला, "नाम हटा दो, पाँच मिनट का काम है."

"नहीं," ती म्हणाली. "दूर गेलेला ताफा नष्ट झाला, हे पाठवणाऱ्याला कळणार कसं?" आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. सत्यजित बघतच राहिला. मग तिने त्याला हिंदीत सगळं समजावलं.

तिने व्यवस्था बदलली. आता गप्प झालेल्या ताफ्यासमोर लिहून येई, 'संपर्क नाही. हुकूम पोहोचल्याची खबर नाही.' खाली एक बटण होतं: 'नाव काढा.' खेळणाऱ्याने ते दाबेपर्यंत नाव हलत नसे.

घरी बाबांनी ती ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"हे खरं लिहिलंस," ते म्हणाले. "आणि बटण दाबलंच नाही तर?"

"तर राहील, बाबा. तुम्ही ठेवाल तोवर."

हिवाळ्यात खेळ बाजारात आला. बाबा आता हुकूम पाठवत नाहीत. दुपारी ती यादी उघडून, डोकं जरा कलतं करून बसतात. घरी असली की उत्कर्षा दारातून जाताना पाऊल हळू टाकते. एकदा तर ती तिथेच थबकली, आणि श्वास रोखून स्वतःही ऐकू लागली.