मुद्देमाल : दोनशे पानी वही

ती केस निवृत्तीनंतरही मला विसरता आलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती अजून नीट कळलेलीही नाही.

मी तेव्हा बडोद्यात पोलीस निरीक्षक होतो. एका चित्रपट कंपनीचा माणूस अर्ज घेऊन ठाण्यात आला. त्यांचा नवा गुजराती पिक्चर कोणीतरी इंटरनेटवर फुकट वाटत होतं. अर्जात आकड्यांची एक ओळ होती. तो त्या कनेक्शनचा नंबर म्हणे. चोरी झालीय, पण माल जागच्या जागीच आहे, ही भानगड माझ्या डोक्यावरून गेली. तरी कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला पत्र धाडलं. उत्तरात एकच नाव आलं, दांडिया बाजारात गाण्याचा क्लास घेणाऱ्या एका बाईंचं. वय बासष्ट.

बाई आल्या त्या घाईतच. मुलगी परदेशात, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि व्हिसासाठी लागणारा पोलिसांचा दाखला आमच्याच ठाण्यात पडलेला. मराठी माणूस भेटलं म्हणून मी खुशीत मराठीतच विचारलं, "बाई, त्या नव्या पिक्चरचं सगळं तुम्हीच उतरवलंत ना?"

"हो, उतरवलं की!"

"आणि लोकांना वाटलंत?"

"वाटलं. क्लासच्या सगळ्या बायकांना. का हो साहेब, काय झालं?"

लेखनिकाने गुजरातीत जबाब लिहिला, बाईंनी सही केली. गुन्हेगार इतक्या मोकळेपणी कधी गुन्हा कबूल करत नाही, हे नोकरीत केस पिकलेल्या मला सुचू नये! उलट मी दाखला अडवला आणि 'कॉपी' जप्त करायला हवालदाराला त्यांच्या घरी पाठवलं. तो पंचनामा करून, लाखेचं सील मारून पाकीट घेऊन आला.

"पेनड्राइव्ह आहे का?" मी विचारलं.

"ना साहेब, नोटबुक छे. बाईए गीतो हाथे लख्यां छे."

बाईंनी पिक्चर नव्हे, त्यातली गाणी उतरवली होती. हाताने, वहीत.

मी इंटरनेटवाल्याला बोलावून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आखी पोळनो एक ज नंबर छे." म्हणजे चाळीस घरांच्या अख्ख्या गल्लीचा एकच नंबर. मग बाईंचंच नाव का दिलंस? "डब्बो एमना घरे छे ने!" सगळ्यांच्या तारा जोडणारा डबा बाईंच्या घरी, म्हणून नाव त्यांचं. कुठल्या घरातून काय गेलं, याची नोंद त्याने ठेवलेलीच नव्हती. मला असा संताप आला! पण चिडायचं कोणावर? त्याच्या कागदावर मीही डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

बाईंचा नवा जबाब घेतला, दाखल्यावर त्याच दिवशी सही केली. बाई मात्र उठेनात.

"साहेब, तेवढी वही द्या. मागच्या पानांवर बारशाचे पाळणे आहेत. आईकडून उतरवून घेतलेले."

"सील झालेला मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, बाई," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण बोलताना त्यांच्याकडे बघवलं नाही. हुकूम येण्याआधीच त्यांना मुलीकडे निघावं लागलं.

पिक्चर वाटणारा आजपर्यंत सापडलेला नाही. इंटरनेट मला तेव्हा कळलं नव्हतं, आताही कळत नाही. पण आपला शब्द समोरच्याच्या कानात कुठल्या अर्थाने पडला, हे जबाबाखाली सही घेण्याआधी विचारायला इंटरनेट कळावं लागत नाही. मी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी बाई वही न्यायला आल्या. पावतीवर सही घेऊन वही दिली. न राहवून विचारलं, "बारसं कसं झालं?"

"झालं हो छान," वहीची मागची पानं चाळत त्या म्हणाल्या. "पाळणा अर्धाच आठवला. पुढचा नुसता गुणगुणले."