पाचवीच्या दुपारचं ऑपरेशन

"पाचवीच्या दिवशी लेकराला कात्री लावायची न्हाई," नवजात बाळांच्या आयसीयूच्या दारात जामखेडच्या आजीबाईंनी मला अडवलं. "लावायचीच आसंल तर आमी घरी नेतो."

माझा पाराच चढला. घरी नेतो म्हणे! त्यांच्या नातवाची आतडी जन्मतःच पोटाबाहेर होती. याला गॅस्ट्रोस्किसिस म्हणतात. बेंबीशेजारी पोटाची भिंत जुळायची राहते आणि तिथून आतडी बाहेर येतात. ती एकदम आत कोंबली तर छातीवर दाब येऊन बाळाला श्वास घेता येत नाही. म्हणून त्यांवर सायलो नावाची पारदर्शक पिशवी बसवून ती वर टांगतो आणि रोज थोडी थोडी आतडी आत सरकवतो. आज सकाळी सगळी आत गेली होती. आता पोट शिवायला उशीर केला, तर इन्फेक्शनची भीती.

"अहो आजी, घरी नेलंत तर हातचा जाईल तो!" मी जरा जोरातच म्हणाले.

बाळाचा बाप मान खाली घालून उभा. आजी ढिम्म हलेनात. "आज सटवाई यायची. लेकराचं नशीब लिवायची. ते तुमच्या टेबलावर पडल्यालं आसंल तर ती लिवंल कुठं?"

भाषण अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. "सटवाई येते कधी?"

"रातच्याला."

"मग मी दुपारीच उरकते की! चारच्या आत बाळ आपल्या जागेवर."

"नक्की?"

"नक्की."

आजींनी मुलाला कोपरानं ढोसलं. "बघतो काय? कर सही."

दोनला सुरुवात केली. अर्धं पोट शिवून झालं आणि भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, छातीवरचं प्रेशर वाढतंय. ओढू नका."

खरं सांगते, माझी नजर घड्याळावर होती. चारचा शब्द दिला होता ना! स्वतःचाच राग आला. घातलेले टाके सोडले, पोटाची भिंत हातानं हळूहळू सैल करून घेतली आणि पुन्हा शिवलं. या वेळी प्रेशर वाढलं नाही. बाळ जागेवर आलं तेव्हा पावणेपाच झाले होते. आजींनी घड्याळाकडे बघितलं.

पुढे बरेच दिवस सलाईनवर काढल्यावर बाळानं शी केली. आतडी चालू झाली! आजींनी ही बातमी अख्ख्या वॉर्डात सांगितली. बाळ दूध प्यायला लागलं आणि घरी गेलं.

आता ऑपरेशनचा दिवस ठरवताना मी घरच्यांना आधी विचारते, "त्या दिवशी तुमच्याकडे काय आहे?" किती वाजता उरकेल, याचा शब्द मात्र कुणालाच देत नाही. सटवाईलासुद्धा नाही.